वस्तूंनाही रीतभात असते : गृहोपयोगी वस्तूंच्या निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
गृहोपयोगी वस्तूंची रचना, उत्पादन आणि वेष्टन यांची जबाबदारी सांभाळणाऱ्या सर्वांस,

स.न.वि.वि.

आपण घडवलेल्या वस्तू रोज हाताळणाऱ्या असंख्य लोकांपैकी एक, एवढ्याच नात्याने हे पत्र लिहीत आहे. तक्रार कोणा एका कंपनीविषयी नसल्यामुळे कोणाचे नाव घेतलेले नाही. ज्यांना ती लागू पडत नसेल त्यांनी पत्र खुशाल बाजूला ठेवावे, मात्र तत्पूर्वी आपल्याच कारखान्यातले एखादे झाकण स्वतःच्या हाताने एकदा उघडून आणि लावून पाहावे. मोटर जळणे, काच तडकणे, विजेचा धक्का बसणे अशा मोठ्या दोषांबद्दल मला येथे काही म्हणायचे नाही, कारण त्यांच्यासाठी हमीपत्रे आहेत, मानके आहेत आणि वेळ पडल्यास न्यायालयेही आहेत. ज्या गैरसोयींसाठी कुठलीही दाद मागता येत नाही त्या फार लहान असतात. झाकण एका बाजूने बसते आणि दुसऱ्या बाजूने उचकते, खण ओढला की तिरका होऊन अडकतो, बरणीची मूठ ओल्या हातातून निसटते, आणि हे कोणाला सांगायला जावे तर सांगणाऱ्यालाच संकोच वाटतो. या संकोचाच्या आडोशाला आपला निष्काळजीपणा वर्षानुवर्षे सुखाने नांदतो आहे.

ओतण्याच्या भांड्याचेच पाहा. किटली असो, तेलाची बुधली असो किंवा मोजपात्र असो, हलक्या हाताने ओतू लागताच धार पेल्यात पडण्याऐवजी तोटीच्या खालून वळते आणि भांड्याच्या पोटावरून ओघळत टेबलापर्यंत पोहोचते. हा वापरणाऱ्याच्या हाताचा दोष आहे असे समजण्याची आपल्या सर्वांना सवय झाली आहे. वस्तुतः हा द्रवगतिशास्त्रातला प्रश्न असून त्याला शास्त्रज्ञांनी 'टीपॉट इफेक्ट' असे नावही दिलेले आहे. मार्कुस राइनर यांनी 1956 मध्ये त्याकडे लक्ष वेधले आणि पुढच्याच वर्षी जोसेफ केलर यांनी असे दाखवले की तोटीच्या ओठाशी वळणाऱ्या द्रवातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, त्यामुळे हवाच त्या धारेला तोटीवर दाबून धरते. न गळणाऱ्या तोटीचे गणित मांडल्याबद्दल केलर आणि त्यांचे सहकारी झां-मार्क व्हॅन्डेन-ब्रोक यांना 1999 चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणारे आणि मग विचार करायला लावणारे पारितोषिकही मिळाले. तोटीच्या ओठाची खालची कडा बारीक आणि तीक्ष्ण असली म्हणजे धार सुटी होते आणि ती जाड व गोलसर असली म्हणजे ओघळ येतो, ही गोष्ट जुन्या कुंभारांच्या हातांना अशा समीकरणांवाचूनही ठाऊक होती. तेव्हा ज्ञान नाही असे कोणी म्हणू शकत नाही. न गळणारी तोटी घडवायला जास्तीचा धातूही लागत नाही. फक्त कोणीतरी पहिला नमुना हातात घेऊन, त्यात पाणी भरून, ते वेगाने नव्हे तर अगदी सावकाश ओतून पाहायला हवे होते, आणि नेमके तेच झालेले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की वस्तूलाही रीतभात असते, आणि ती तिला आपोआप येत नाही. घडवणाऱ्याने ती द्यावी लागते. ती दिली नाही तर त्या असभ्यतेचा भार वापरणारा सोसतो, आणि त्याच्यामार्फत पुढे त्याच्या घरातली आणि शेजारची माणसेही सोसतात. कागदोपत्री वस्तू निर्दोष असते, कारण तिची परीक्षा विक्रीच्या क्षणापर्यंतच घेतलेली असते.

आता चिकटपट्ट्यांकडे वळतो. या एका विषयावर मी संयम राखू शकेन याची खात्री देत नाही. नवे भांडे, नवी काच, नवा आरसा घरी आणावा, आणि त्यावर बरोबर मधोमध, जिथे नजर पडते तिथेच, कंपनीचे नाव छापलेला कागद चिकटवलेला असावा. तो सोलू लागले की वरचा रंगीत थर निघून येतो, खालचा पांढरा थर तसाच राहतो, आणि तो भिजवून खरवडला की त्याखाली राहिलेला चिकटा बोटांना, फडक्याला आणि पुढे हवेतल्या धुळीलाही धरून बसतो. असे होण्यामागे कारण आहे. नुसत्या दाबाने चिकटणारा हा डिंक काळ जाईल तसा पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत पसरत जातो आणि त्याची पकड वाढत जाते. गोदामात महिनोन्महिने पडून राहिलेल्या वस्तूवर ही पकड कागदाच्या स्वतःच्या बळकटीपेक्षा जास्त होते, म्हणून डिंक सुटण्याऐवजी कागदच मधून फाटतो. यावर तेल चोळा, गरम वारा सोडा, स्पिरिट लावा अशा युक्त्या माणसे एकमेकांना सांगत असतात. वस्तू विकत घेतल्यावर ती साफ करण्याची विद्या ग्राहकांनी तोंडोतोंडी जपावी लागते, याबद्दल आपल्यापैकी कोणाला कधी खंत वाटली आहे काय? सहज चिकटणारा आणि मागे काहीही न ठेवता सुटणारा डिंक स्पेन्सर सिल्व्हर यांनी 1968 मध्ये शोधला आणि तो लावलेल्या छोट्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे 1980 पासून कचेऱ्यांसाठी विकले जात आहेत. म्हणजे दोन ओळींच्या निरोपासाठी जो सभ्य डिंक वापरला जातो, तो आयुष्यभर वापरायच्या भांड्याला लावावा असे आपल्याला वाटत नाही. ते जमत नसेल तर लेबल निदान भांड्याच्या तळाला लावावे. शोभेसाठी ते पुढे लावता, आणि शोभा घालवण्याचे काम तेच करते.

उघडण्याचा विचार बंद करणाऱ्याने करायचा नसतो, अशी काही परंपराच या धंद्यात असावी. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचे पेटंट ब्रिटनमध्ये 1810 मध्ये घेतले गेले, तो डबा उघडण्याचे हत्यार मात्र 1850 च्या दशकात आले. मधली सगळी वर्षे लोक छिन्नी आणि हातोडी घेऊन जेवायला बसत होते. त्या काळच्या कारागिरांना नवलाईची सबब तरी होती. आज जाड, कडक, चारही बाजूंनी वितळवून जोडलेल्या प्लास्टिकच्या कवचात एखादी क्षुल्लक वस्तू मिळते, ती काढताना कवचाची कडा हात कापते, आणि हे कवच चोरी रोखण्यासाठी आहे असे सांगितले जाते. चोर कोण आणि ग्राहक कोण, हा भेद दुकानाच्या दारापर्यंत करता आला पाहिजे. पैसे मोजून घरी गेलेल्या माणसाला चोराची वागणूक कशासाठी? 'येथे फाडा' असे छापलेल्या जागी पिशवी न फाटणे, किंवा फाटलीच तर तिरकी फाटत थेट तळापर्यंत जाणे, हा त्यातलाच सौम्य प्रकार आहे. छापणाऱ्याने जागा दाखवली खरी, पण तिथे खाच पाडायची हे यंत्राला कोणी सांगितलेले नसते.

दुरुस्तीच्या बाबतीत तर ही बेपर्वाई हेतुपुरस्सर असल्याचा संशय येतो. प्लास्टिकमध्येच थेट घुसवलेला स्क्रू एकदोनदा काढला की आटे झिजतात आणि मग तो नुसता फिरत राहतो. आत पितळेची लहानशी नळी बसवली असती तर तोच सांधा अनेकदा उघडता आला असता. बॅटरीच्या कप्प्याच्या झाकणाची जीभ हमखास मुळाशी तुटते, कारण तिचा आतला कोपरा काटकोनात ठेवलेला असतो आणि सगळा ताण तिथे एकवटतो. तिथे किंचित गोलाई दिली तर ताण पसरतो आणि जीभ टिकते. साचा एकदा बनवला की पुढच्या प्रत्येक नगामागे या गोलाईला वेगळा खर्च येत नाही, त्यामुळे ती न देण्याला काटकसर असेही म्हणता येणार नाही. काही उपकरणे अशा विचित्र डोक्याच्या स्क्रूंनी बंद केलेली असतात की सामान्य घरातला कोणताही पेचकस त्यांना लागू नये, आणि काहींत बॅटरी डिंकाने चिकटवून टाकलेली असते, म्हणजे बॅटरीचे आयुष्य संपले की सुस्थितीतल्या यंत्राचेही संपले. आपण मनावर घेत नाही म्हणून आता कायद्याला मनावर घ्यावे लागत आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार 2021 पासून कपडे धुण्याच्या यंत्रांचे महत्त्वाचे सुटे भाग दहा वर्षे उपलब्ध ठेवणे आणि ते नेहमीच्या हत्यारांनी बदलता येणे बंधनकारक आहे, तर 2027 च्या फेब्रुवारीपासून छोट्या उपकरणांतल्या बॅटऱ्या, मोजके अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आल्या पाहिजेत. घड्याळाची बॅटरी बदलता यावी यासाठी डझनावारी देशांनी मिळून कायदा करावा लागतो, ही गोष्ट आपल्या व्यवसायाला भूषणावह नाही.

यंत्रांच्या बोलण्या-चालण्याबद्दलही लिहिले पाहिजे. काम संपले हे कळवण्यासाठी यंत्राने एकदा आवाज द्यावा, हे समजू शकते. परंतु कोणी येईपर्यंत ठरावीक अंतराने ओरडतच राहावे, बटण दाबताना प्रत्येक दाबाला किंचाळावे, आणि हा आवाज बंद करण्याची सोय एकतर नसावी किंवा माहितीपुस्तिकेच्या तळटिपेत दडलेली असावी, याला काय म्हणायचे? या उपकरणांतले छोटे बझर साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास वाजतात, आणि माणसाचा कान नेमका त्याच पट्ट्यात सर्वांत संवेदनशील असतो. धूर किंवा वायुगळती झाली तर अशा आवाजाने झोपलेल्याला उठवलेच पाहिजे. कपडे वाळले ही आणीबाणी नव्हे. सगळीच यंत्रे एकाच पट्टीत, एकाच तातडीने ओरडू लागली की घरातल्या माणसांचे कान त्या ओरडण्याला सरावतात, आणि ज्या दिवशी खरोखर धावायला हवे त्या दिवशीही कोणी जागचे हलत नाही.

जे आवाजाचे तेच उजेडाचे. वीज चालू आहे एवढेच सांगण्यासाठी लावलेला निळा ठिपका रात्री सगळी खोली उजळतो, म्हणून लोक त्यावर कागद चिकटवतात. निळा प्रखर एलईडी हा मोठाच शोध होता. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले आणि त्याच्यामुळेच आजचे पांढरे एलईडी दिवे शक्य झाले. परंतु अंधाराला सरावलेला डोळा तांबड्यापेक्षा निळ्या-हिरव्या प्रकाशाला कितीतरी जास्त संवेदनशील असतो, आणि निळा प्रकाश झोपेच्या संप्रेरकाला अटकाव करतो, हेही तितकेच सिद्ध आहे. नवा दिवा स्वस्त झाला म्हणून तो प्रत्येक चार्जरवर आणि प्रत्येक पंख्यावर पूर्ण तेजाने लावणे म्हणजे, पाहुण्याने मध्यरात्री उठून आपण जागे असल्याची वर्दी घरभर देत फिरण्यासारखे आहे.

माणसांच्या वागणुकीवर याचा परिणाम कसा होतो, हे आपण कधी पाहिले नसावे. इमारतीतल्या कोणत्याही भांडणाच्या मुळाशी गेलात तर बहुधा एखादी वस्तू सापडेल. वरच्या मजल्यावरचे लोक खुर्च्या फरफटवतात, कारण खुर्चीच्या पायांना रबरी बुचे दिलेली नसतात, किंवा दिलेली असली तर ती पहिल्याच महिन्यात गळून पडतात. समोरचे दार धाडकन आपटते, आणि आपटणारा उद्धट ठरतो. वास्तविक दाराला वेग आवरणारा दट्ट्या नसतो आणि खटका जोराने लोटल्याशिवाय लागत नाही. नळ बंद केल्यावरही ठिबकतो आणि शेवटी हात धुवून गेलेल्यावर ठपका येतो. सेकंदाला एक थेंब या हिशेबाने दिवसाकाठी सुमारे वीस लिटर पाणी वाहून जाते, तरी सगळा राग त्या माणसावर निघतो आणि झिजलेला किंवा मुळातच हलका वॉशर नामानिराळा राहतो. झाकण नीट लागत नसेल तर ते न लावण्याची सवय जडते. कचऱ्याच्या डब्याचे झाकण पायाने उघडत नसेल तर कचरा डब्याशेजारी ठेवला जातो. माणसे मुळात फार नेटकी असतात असा माझा दावा नाही. खुर्ची उचलून ठेवण्याचे कष्ट न घेणारा माणूस दोषी आहेच, आणि रिकामी बाटली पुन्हा शीतकपाटात ठेवून देणाऱ्याला कोणतीही रचना सुधारू शकणार नाही. तरीही ज्या वस्तूने नीट वागणे अवघड आणि गैर वागणे सोपे करून ठेवले आहे, तिच्या निर्मात्याला या दोषातला आपला वाटा नाकारता येत नाही.

याचा एक जुना आणि स्वच्छ पुरावा शेगडीचा आहे. चार बर्नर चौकोनात आणि त्यांची चार बटणे एका ओळीत, अशी मांडणी असली की कोणते बटण कशाचे हे आठवावे लागते. अल्फॉन्स चापानिस आणि लिंडेनबाउम यांनी 1959 मध्ये चार निरनिराळ्या मांडण्यांवर लोकांची चाचणी घेतली, तेव्हा बर्नर किंचित आडवे सरकवून बटणांच्या क्रमाने मांडलेल्या शेगडीवर एकही चूक झाली नाही आणि इतर तिन्ही मांडण्यांवर चुका झाल्या. फरक मांडणीचा होता. एवढे स्पष्ट उत्तर हाती असताना आजही चौकोनी मांडणीच सर्रास दिसते, आणि प्रत्येक बटणापाशी चार ठिपक्यांचे एक सूक्ष्म चित्र काढून त्यातला एक ठिपका भरलेला दाखवला जातो. काही महिन्यांच्या पुसण्याने तेही चित्र नाहीसे होते.

आपल्या बाजूनेही काही बोलता येईल, याची मला जाणीव आहे. काही गैरसोयींना सबळ कारण असते. छोट्या उपकरणांची वायर आखूड ठेवण्यामागे, ती लोंबून कोणाच्या पायात किंवा मुलाच्या हातात येऊ नये, हा विचार असतो. औषधाच्या बाटलीचे दाबून फिरवायचे टोपण चिडवणारे असले तरी त्याने मुलांचे प्राण वाचवले आहेत. मात्र याच टोपणाकडून आपण एक गोष्ट घ्यावी. अमेरिकेत 1970 च्या कायद्यानंतर अशा टोपणांची चाचणी प्रत्यक्ष माणसांवर घेतली जाऊ लागली. ते पाच वर्षांखालच्या बहुसंख्य मुलांना उघडता येता कामा नये, आणि आता त्या चाचणीत 50 ते 70 वर्षे वयाच्या प्रौढांपैकी किमान 90 टक्क्यांना ते उघडता आणि पुन्हा नीट लावता आले पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे एखादे टोपण कोणाच्या हाताला कसे लागते, हे मोजता येते आणि त्यासाठी आकडा ठरवता येतो. विषारी औषधासाठी जे केले जाते ते रोजच्या बरणीसाठी करायला कोणाची हरकत आहे? सॅम फार्बर यांनी संधिवाताने हात दुखणाऱ्या आपल्या पत्नीची अडचण पाहिली आणि त्यातून 1990 मध्ये जाड, मऊ, ओल्या हातातही न निसटणाऱ्या मुठीची सोलणी व इतर हत्यारे 'ऑक्सो' या नावाने बाजारात आणली. ती केवळ संधिवाताच्या रुग्णांनी घेतली असे नाही; धडधाकट हातांनाही ती तितकीच आवडली. दुखऱ्या हाताला मानवणारी मूठ सगळ्यांना मानवते. मग आपल्या चाचणीच्या खोलीत तरुण, कोरड्या आणि बळकट हातांखेरीज दुसरे हात का येत नाहीत?

जिथे कारण असेल तिथे ते वस्तूसोबत एका वाक्यात छापावे. 'वायर सुरक्षिततेसाठी आखूड ठेवली आहे' एवढे वाचले तरी ग्राहक समजून घेईल. सध्या मात्र पंचवीस भाषांची पुस्तिका मिळते, तिच्यात उपकरण पाण्यात बुडवू नये हे पाच ठिकाणी असते, आणि जाळी कशी काढून धुवायची हे एकाही ठिकाणी नसते. उपकरणावरचा मजकूर काळ्या प्लास्टिकवर काळ्याच उठावदार अक्षरांत असतो, तो वाचायला विजेरी तिरपी धरावी लागते. आणि या सगळ्याला कंटाळून दूरध्वनी करावा तर ध्वनिमुद्रित आवाज आपला वेळ मोलाचा असल्याचे वारंवार सांगत तोच वेळ घेत राहतो. शेवटी जो मनुष्य भेटतो तो बिचारा सौजन्याने बोलतो, पण त्याच्यासमोरच्या यादीत 'झाकण बसत नाही' असा तक्रारीचा प्रकारच नसतो, म्हणून तो ती 'इतर' या सदरात नोंदवतो, आणि ते सदर कोण वाचतो हे त्यालाही माहीत नसते.

म्हणून माझी पहिली मागणी त्या 'इतर' सदराविषयी आहे. ते वस्तूची रचना करणाऱ्यांच्या टेबलावर दर महिन्याला गेले पाहिजे, विक्री विभागाच्या नव्हे. दुसरे असे की, कोणतीही वस्तू बाजारात आणण्यापूर्वी ती तयार करणाऱ्या गटातल्या प्रत्येकाने, वरिष्ठांसह, ती निदान काही आठवडे आपल्या घरी वापरावी, धुवावी, पुसावी, अंधारात शोधावी आणि ओल्या हाताने उघडावी. वेष्टन उघडण्याची चाचणी वेष्टन बनवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणावर तरी घ्यावी. आवाज आणि दिवा बंद करण्याचे बटण उपकरणावरच, सहज दिसेल असे असावे. झाकणाचे आणि डब्याचे माप दर वर्षी बदलू नये, आणि बदललेच तर हरवलेले झाकण सुटे विकत मिळावे. एका झाकणापायी चांगला डबा फेकून द्यावा लागणे मला पटत नाही आणि आपल्यालाही पटत नसावे.

या पत्राचे उत्तर आले तर आनंद होईल. त्यात 'आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे' हे वाक्य नसावे आणि खाली कोणत्या तरी माणसाची सही असावी, एवढीच विनंती आहे.

कळावे,

आपला,
एक ग्राहक